हँडलचा दाब

मलकपेठच्या रेसकोर्सच्या भिंतीपाशी दर रविवारी पहाटे वीस-बावीस सायकली जमायच्या, आणि त्यातली सुमेधाची सायकल सगळ्यात शेवटी निघायची. तिला उशीर व्हायचा म्हणून नव्हे, तिचं कामच ते होतं. क्लब चालवणारे अप्पाराव रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "इंजन कोई भी चलता अम्मा, गार्ड भरोसे का होना." म्हणून सुमेधा गार्ड. कुणाचं चाक पंक्चर झालं, कुणाच्या मांडीत गोळा आला, चढावर कुणाचं अवसान गळालं, की त्याच्यासोबत थांबायचं, त्याला घेऊन यायचं. आपल्या मागे कुणी उरलेलं नाही एवढी खात्री करायची. सहा वर्षं ती हे करत होती आणि तिला ते आवडायचं.

एरवी ती कोठीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. आठवडाभर लोकांचे गुडघे, खांदे, मणके, आणि रविवारी सकाळभर पुढच्यांच्या पोटऱ्या. सागर रोडने इब्राहिमपट्टणमपर्यंत रस्ता तसा सोपा. तिथे टिफिनला इडली-वडा खायचा, चहा प्यायचा आणि मग मंचालच्या पुढे राचकोंड्याचे डोंगर लागायचे. एकावर एक रचून ठेवल्यासारखे धोंडे, मधे सीताफळाची झुडपं, आणि त्यांतून वर-खाली जाणारा चिंचोळा रस्ता. तिथे क्लब फुटायचा. दमदार पुढे निघून जायचे, बाकीचे एकेक करत सुमेधाच्या वाट्याला यायचे. पाठीमागून बघून बघून तिला सगळ्यांचे पाय पाठ झाले होते. फक्त शिवराजचे पाय तिने कधी नीट पाहिले नव्हते, कारण शिवराज कधी मागे राहिलाच नव्हता.

शिवराज बियाण्यांच्या कंपनीत एरिया मॅनेजर होता. मूळचा सीमाभागातल्या भालकीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. "आम्ही कुठून आलो नाही बाबा, बॉर्डरच आमच्या अंगावरून गेली," असं तो हसत सांगायचा. वय सेहेचाळीस, अंगाने सडसडीत, आणि चढावर असा जायचा की सॉफ्टवेअरमधली पंचविशीतली पोरं माना खाली घालायची. राचकोंड्याच्या सगळ्यात उभ्या चढाच्या माथ्यावर मैसम्माचं छोटं देऊळ आहे. तिथल्या ओट्यावर तो पाय पसरून बसायचा आणि सगळ्यांच्या मागून सुमेधा वर येताना दिसली की ओरडायचा, "आली का गं गाडी टायमावर?"

घरी मराठी बोलणारी क्लबात ही दोघंच, बाकीच्यांची मोडकीतोडकी. तिचं घर मलकपेठेतच, त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. घरी ती आणि तिची आई विमलाबाई. सख्ख्या भावाने लग्नानंतर या दोघींकडे पाठ फिरवली होती, तेव्हापासून राखीला ती शिवराजकडे जायची. त्याची बायको भाग्यलक्ष्मी तिला जेवल्याशिवाय सोडत नसे.

ऑगस्टातल्या एका रविवारी मैसम्माच्या चढावर तिला समोर एक पाठ दिसली आणि ती ओळखायला क्षणभर लागला. ती पाठ तिथे असायला नको होती.

"काय झालं भाऊ? पंक्चर?"

"नाही गं. गिअरच पडंना गेलाय बघ. डाव्या हाताचा. केबल बदलली परवा, तरी तेच. त्या मिस्त्रीला एकदा धरतो चांगला."

"चला हळूहळू, मी आहे मागे."

त्याला ते वाक्य झोंबलं असावं, कारण तो सीटवरून उठला आणि उभ्याने पेडल मारायला लागला. सुमेधा त्याच्या मागे चार हातांवर होती. तिची नजर सवयीने त्याच्या पोटऱ्यांवर गेली. उजवी चांगली, दोरखंड पिळल्यासारखी. डावी तिच्यापेक्षा बारीक. आणि त्या डाव्या पोटरीवर, कातडीच्या खाली, काहीतरी लवत होतं. डोळा लवतो तसं. एका जागी थांबायचं, दुसरीकडे सुरू व्हायचं. तिला वाटलं, चढाचा ताण असेल. पण पुढे सपाटी आली, त्याने पेडल मारणं थांबवलं, सायकल आपसूक जाऊ दिली, पाय मोकळा लोंबत होता, तरीही ते लवतच होतं.

वर पोचल्यावर तो पाण्याची बाटली उघडायला लागला. डाव्या हाताने बाटली धरून ठेवता येईना, तेव्हा ती मांडीत दाबून त्याने झाकण काढलं. त्याचं त्यालाही कळलं नाही की आपण असं केलं. सुमेधाने पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला मांसल उंचवटा बसला होता, तिथे खळगा पडला होता.

शिकत असताना सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात सरांनी एका शिंप्याच्या अंगावरची चादर बाजूला केली होती. असाच हात, असेच लवणारे पाय. "पाहून घ्या आणि विसरू नका," सर म्हणाले होते. मेंदूतून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. औषध नाही. त्या शिंप्याने विचारलं होतं, "सुई कब पकड सकूंगा साब?" आणि सर त्याच्या खांद्यावर थाप मारून पुढच्या खाटेकडे गेले होते.

"काय बघायलीस गं हाताकडं?" शिवराजने विचारलं.

"हँडलचा दाब आहे भाऊ," ती म्हणाली. "तासन्‌तास रेलून बसता, तळहाताची नस दबते. सायकलवाल्यांना होतं हे."

हे काही अगदी खोटं नव्हतं. तसं होतं सायकलवाल्यांना. पण हँडलच्या दाबाने पोटरी लवत नाही, हे तिला माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात तिने त्याला जाड गादीचे हातमोजे आणून दिले. सायकलचं हँडल दोन बोटं वर घ्यायला लावलं. बोटांचे व्यायाम शिकवले, आणि शिवराजने ते शाळकरी पोरासारखे मन लावून केले. टिफिनच्या टेबलावर तो सगळ्यांना सांगायचा, "अरे, हँडलचा दाब असतो, माहीत आहे का? तुम्ही पण मोजे घ्या. हमारी डॉक्टर बोली." सगळे तिच्याकडे आदराने बघायचे आणि सुमेधा खाली मान घालून वडा तोडत राहायची.

दर रविवारी ती ठरवून निघायची की आज सांगायचं. आणि दर रविवारी शिवराज म्हणायचा, "आज जरा बरं वाटायलंय बघ." त्याची मुलगी प्रियदर्शिनी हिला पुण्यात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो तिला होस्टेलवर सोडून आला. त्या रविवारी गडी सगळा वेळ पोरीबद्दलच बोलत होता. ती जाताना कशी रडली, इथंच कुठंतरी घेते ॲडमिशन म्हणाली, आणि आपण तिला कसं समजावलं. सुमेधा ऐकत होती. तेव्हा सांगणं तर शक्यच नव्हतं.

"काय खातंय तुला?" विमलाबाईंनी एकदा विचारलंच. तिने आईला सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक की त्याला. नसलं काही तर हसतील दोघं नवरा-बायको."

"आणि असलं तर, माय?"

विमलाबाई म्हणाल्या, "असलं तर ते तुझ्यानं थोडंच झालंय?" पण सांगणारीच्या तोंडाला ते चिकटतं, हे आईलाही ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शिवराज पडला. मैसम्माच्या पलीकडचा उतार तो वीसदा, पन्नासदा उतरला असेल. सुमेधा वळणावर आली तर सायकल रस्त्यात आडवी आणि तो खाली सीताफळाच्या झुडपांत. सुदैवाने डोकं वाचलं होतं. कोपर, गुडघा, मांडी सोलवटून निघाली होती. पुढच्यांना कळलंच नव्हतं. तिने त्याला धरून एका धोंड्यावर बसवलं आणि बाटलीतल्या पाण्याने जखमा धुवायला लागली. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता.

"ब्रेक दाबला मी," तो म्हणाला. "मनानं दाबला सुमेधा, पक्का दाबला. हातानं ऐकलंच नाही."

तिने रुमाल पिळला. परत ओला केला.

"भाऊ, हा हँडलचा दाब नाही."

"मग?"

"नसांचा आजार असू शकतो. मोठा. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला पाहिजे, या आठवड्यात."

"असू शकतो म्हणजे? तुला काय वाटतं ते सांग."

तिने सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, पुढचं सगळं नाही सांगितलं. पण त्याने तिच्या चेहऱ्यावरून उरलेलं वाचलं असणार. एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या बायांनी वळून वळून या दोघांकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

"ऑगस्टात. गिअर पडत नव्हता तेव्हा."

त्याने मान हलवली. रागावला असता, शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, एका हाताने सायकल उभी केली, वाकडं झालेलं हँडल पायात धरून सरळ केलं.

"चल. पुढचे थांबले असतील."

तपासण्यांमध्ये तीन महिने गेले. नसांत सुया टोचून झाल्या, मणक्याचे फोटो झाले, रक्त झालं. इथल्या डॉक्टरांवर विश्वास बसेना म्हणून भाग्यलक्ष्मी त्याला बंगळुरूला घेऊन गेली. जानेवारीत तिकडच्या डॉक्टरांनी तेच नाव लिहून दिलं आणि सांगितलं, दोन वर्षं, फार तर चार.

बंगळुरूहून आल्याच्या तिसऱ्या दिवशी भाग्यलक्ष्मी कोठीच्या दवाखान्यात आली. सरळ आत आली नाही. पेशंटसारखा नंबर घेऊन बाकावर बसली, गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत, आणि नंबर आल्यावर आत येऊन स्टुलावर बसली.

"ऑगस्टात कळलं होतं म्हणे तुम्हाला."

"ताई, तेव्हा कळलं असतं तरी औषध नव्हतं. आजही नाही. काही फरक पडला नसता."

"औषधाचं कोण बोलायलंय?" भाग्यलक्ष्मीचा आवाज चढला नाही. "मी पोरीचं बोलते. ती जाणार नव्हती. एक वर्ष इथंच काढते म्हणत होती. ह्यांनी तिला समजावून पाठवली. हिंडता-फिरता बाप तिच्या वाट्याला तेवढाच राहिला होता, आणि तिला आम्ही होस्टेलच्या खोलीत नेऊन टाकलं. आता बोलावून घ्यावं तर तिचं वर्ष बुडतं, आणि तिकडं ठेवावं तर हे एकेक दिवस चाललेत. तुम्ही नुसतं तोंड उघडलं असतं तर एवढं एक तरी आमच्या हातात राहिलं असतं."

भाग्यलक्ष्मी उठली, पदर सावरला आणि जाताना दारातून म्हणाली, "रविवारी ते सायकलवर येणार म्हणायलेत. माझं ऐकत नाहीत. सांभाळून न्या."

शिवराज त्यानंतर दहा रविवार आला. मिस्त्रीने दोन्ही ब्रेक उजव्या हाताला जोडून दिले. गिअर एकच ठेवला, हलका. क्लबाने सुरुवातीला त्याला डोक्यावर घेतलं. चढ आला की दोघंजण दोन्ही बाजूंनी यायचे आणि पाठीवर हात ठेवून त्याला वर ढकलायचे. फोटो काढायचे. ग्रुपवर टाकायचे, खाली हात जोडलेले आणि लाल बदाम यायचे. पण तीन तासांच्या वाटेला पाच तास लागायला लागले, आणि परत येताना ऊन डोक्यावर यायला लागलं. लोक वाईट नव्हते. त्यांना घरी बायका-पोरं होती, रविवार एकच होता, आणि सायकल ते दम काढायला चालवत होते, वाट बघायला नाही.

हर्षवर्धन नावाचा एक तरुण होता. त्याला चढ कसा चढायचा, श्वास कुठे सोडायचा, हे शिवराजनेच शिकवलं होतं. एका टिफिनला तो शिवराजच्या समोर येऊन उभा राहिला आणि बोटांत हेल्मेटचा पट्टा गुंडाळत म्हणाला, "अंकल, मार्चमे तीनशे किलोमीटरची राइड आहे. ट्रेनिंग करना पडता. काही जण अनंतगिरीला जातोय पुढच्या संडेपासून, थोडं फास्ट... तुम्हाला बुरा नको वाटायला."

"जा रे," शिवराज म्हणाला. त्याचे शब्द आता जिभेवर किंचित घसरायला लागले होते. "मी तुझ्या जागी असतो तर मागच्याच महिन्यात गेलो असतो."

ते खरं होतं, आणि म्हणून कुणालाच हसू आलं नाही.

वीसचे अकरा झाले. अकराचे पाच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी रेसकोर्सच्या भिंतीपाशी तिघंच उरले होते, शिवराज, सुमेधा आणि अप्पाराव. अप्पारावांची मान वर होत नव्हती, जणू क्लब त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला होता. "चलो," ते म्हणाले, "गाडी छोटी है, पर निकलेगी."

सायकली अप्पारावांच्या जावयाच्या गाडीवर बांधून त्यांनी मंचालपर्यंत नेल्या. मैसम्माच्या चढापाशी शिवराजला सायकलवर बसायचं होतं. त्याने उजव्या हाताने हँडल धरलं आणि डावा पाय टेकून उजवा वर उचलला. टेकलेला पाय गुडघ्यात वाकला. तो सायकलसकट आडवा झाला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. तिसऱ्या वेळी अप्पारावांनी त्याला काखेत धरून बसवला. सुमेधाने मागून सीट धरली, लहान मुलाला शिकवताना धरतात तशी. चार-पाच पेडल झाली. चढ सुरू व्हायच्या आधीच त्याचा पाय पेडलवरून सुटला.

"बास," तो म्हणाला. "आता नको."

अप्पाराव गाडी जवळ आणायला सांगायला गेले. हे दोघं रस्त्याच्या कडेला बसून राहिले. टेकडीवर पळस फुलले होते, खाली शेळ्यांचा कळप चालला होता.

"सुमेधा, शेवटी गळ्याला भोक पाडून नळी घालतात ना?"

"हो. श्वासाला. मशीन लावतात."

"किती दिवस चालतं त्याच्यावर?"

"वर्षं. कधी कधी बरीच वर्षं."

"मला नको. डोळे उघडे ठेवून नुसतं पडायचं, मला नको. भाग्याला मी सांगितलंय, पण ती ऐकून घेत नाही. तू सांग. तुझं खरं वाटेल तिला."

सुमेधाला वाटलं, माझं तिला कशाला खरं वाटेल? पण ती "सांगते" म्हणाली. त्याच आठवड्यात जाऊन तिने भाग्यलक्ष्मीला सांगितलं. ती चपात्या लाटत होती. तिने शेवटची चपाती होईपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा ठेवू का?"

त्या रविवारपासून क्लब संपला. कुणी बंद केला नाही, फक्त रविवारी भिंतीपाशी कुणी जमेनासं झालं. अप्पाराव थोरल्या मुलीकडे विशाखापट्टणमला राहायला गेले. सुमेधा रविवारी सकाळी सायकलऐवजी शिवराजच्या घरी जायची आणि त्याचे सांधे हलवायची, आखडू नयेत म्हणून. पावसाळ्यात तो चाकाच्या खुर्चीत बसला. दिवाळीनंतर खाटेवरून उठायचा राहिला. बोलणं आधी जड झालं, मग फक्त भाग्यलक्ष्मीला आणि सुमेधाला कळेल असं झालं, मग सुमेधालाही कळेना.

जानेवारीच्या शेवटी प्रियदर्शिनी चार दिवसांच्या सुट्टीवर आली. दुसरं वर्ष चालू होतं तिचं. सुमेधा निघाली तशी ती जिन्यापर्यंत सोडायला आली आणि दार ओढून घेऊन म्हणाली, "आंटी, मम्मी काही सांगत नाही. प्लीज, तुम्ही खरं सांगा. पप्पा किती?"

या प्रश्नाची सुमेधा दीड वर्ष वाट बघत असल्यासारखी होती. एकदा तोंड बंद ठेवल्याचं काय होतं ते तिने पाहिलं होतं. छातीतला कफ, रात्री बसणारा श्वास, घटलेलं वजन, सगळं तिने स्वतः मोजलं होतं, आणि नळी घालायची नाही असं तो म्हणाला होता.

"बेटा, हा उन्हाळा निघेल असं मला वाटत नाही."

प्रियदर्शिनी रडली नाही. "थँक्यू आंटी," म्हणाली. ती पुण्याला परत गेली ती सामान आणायलाच. परीक्षेचा फॉर्म तिने भरला नाही. बापाजवळ राहायचं तर आताच, असं तिने ठरवलं. भाग्यलक्ष्मीने पहिल्यांदाच सुमेधाचा हात हातात घेतला. "तुम्ही सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. घरी येताना सुमेधाला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

मार्चमध्ये एका दुपारी शिवराजला ठसका लागला आणि श्वास परत येईना. घरात मायलेकी दोघीच होत्या. ॲम्ब्युलन्स आली, त्याला नेलं, आणि कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी भाग्यलक्ष्मीच्या पुढे कागद धरला. सुमेधा कोठीहून पोचली तोवर सही झाली होती. गळ्यात नळी होती, छाती मशीनच्या तालावर वर-खाली होत होती.

"निळे पडले होते हो," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "माझ्याकडे बघत होते. तुम्ही असता तर नाही म्हणाला असता का?"

सुमेधाने खूप विचार केला, तेव्हा आणि नंतरही. ती नाही म्हणाली असती, असं तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

संध्याकाळी शिवराजने डोळे उघडले. त्याने छताकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग त्याची नजर सुमेधावर आली आणि तिथेच राहिली. तीच शेवटी बाहेर गेली.

उन्हाळा निघाला. पाऊस आला आणि गेला. मशीन घरी आणलं, दाराबाहेर एक जनरेटर बसवला. आता नोव्हेंबर आहे. शिवराजची तब्येत, डॉक्टर म्हणतात, स्थिर आहे. फुप्फुसं साफ आहेत, वजनही थोडं वाढलंय. असा माणूस पाच वर्षं काढतो, कधी आठ. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. 'हो' असलं की तो पापण्या मिटतो. इतर वेळी तो खिडकीकडे बघत असतो, आणि सुमेधा आली की खिडकीवरून नजर काढत नाही.

गेल्या रविवारी ती पोचली तेव्हा प्रियदर्शिनी बापाच्या गळ्यातल्या नळीतला कफ काढत होती. हातमोजे, बारीक रबरी नळी, दहापर्यंत मोजणं, पुन्हा मशीन जोडणं. एखाद्या नर्सला लाजवेल असा हात बसला होता पोरीचा. केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. मैत्रिणी तिसऱ्या वर्षाला गेल्या होत्या. भाग्यलक्ष्मी आतल्या खोलीत झोपली होती. मायलेकी पाळ्या करतात.

"या वर्षी फॉर्म भर ना गं," सुमेधा हळूच म्हणाली. "मी दवाखान्याची वेळ बदलून घेते. सकाळ-संध्याकाळ मी येत जाईन."

"डेट गेली आंटी. मागच्या मंडेला."

"मग पुढच्या वेळी."

प्रियदर्शिनीने हातमोजे काढून डब्यात टाकले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब पुन्हा तपासून पाहावा तसं ती बोलली.

"पप्पा आहेत तोपर्यंत मी कशी जाऊ? तुम्ही समर म्हणाला होता, म्हणून मी आले. आता गेले, आणि नेक्स्ट वीक काही झालं तर? आणि नाही झालं, तर मी इथं बसून कशाची वाट बघू? ती वाट बघायची का मी?"

सुमेधाने खाटेकडे पाहिलं. शिवराजने खिडकीवरून नजर काढली होती. तो लेकीकडे बघत होता, आणि त्याने पापण्या मिटल्या. उघडल्या, पुन्हा मिटल्या. प्रियदर्शिनी कचऱ्याचा डबा बंद करत होती, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. सुमेधाने पाहिलं, आणि ते पोरीला सांगायचं की नाही हे तिला कळेना. तिने सांगितलं नाही.

"आंटी, जरा कंबर धरता? कूस बदलायचा टाइम झाला."

सुमेधाने हात धुतले आणि त्याची कंबर धरली. प्रियदर्शिनीने एका हाताने नळी सांभाळली, दुसऱ्याने खांदा. दोघींनी मिळून त्याला भिंतीकडच्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, दोन्ही गुडघ्यांमध्ये घडी केलेली चादर ठेवली. पोरीने भिंतीवरच्या कागदावर वेळ लिहिली आणि दोन तासांनंतरचा गजर लावला.